तिसऱ्या मजल्यावरचा कोंबडा

वाचनालयाची आठवण म्हटली की तुम्ही लगेच सरसावून बसणार, मला माहितीये. आता पिवळी पानं येतील, जुन्या कागदाचा वास येईल, कोपऱ्यात बसून मी एकामागून एक पुस्तकं संपवीन आणि शेवटी 'पुस्तकांनी मला घडवलं' असं म्हणून डोळे पुसेन. सॉरी हां. त्या वाचनालयातलं एकही पुस्तक मी पूर्ण वाचलेलं नाही. मला पुस्तकांत इंटरेस्टच नव्हता. इंटरेस्ट होता तो पुस्तकं वाचून आलेल्या माणसांत. तोही ती काय बोलतात यात नाही. कशी बोलतात, यात.

वाचनालय म्हणजे आमच्या गावातल्या रिटायर्ड हेडमास्तर सरांची ओटी. आमचं गाव वसईतलं जुनं, केळीच्या वाड्यांचं आणि विहिरींचं, पण तोपर्यंत रस्त्यापलीकडे चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगी आल्या होत्या. तिथे कोकणातले, मुंबईतले नोकरदार लोक राहायला आले होते. सरांकडे दोन्हीकडचे यायचे. रविवारी मिस्सा सुटली की गावातले चर्चमधून सरळ ओटीवर, आणि बिल्डिंगीतले मासळीची पिशवी घेऊन. कोलंबी आणि कादंबरी एकाच पिशवीतून यायची. सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या मावशीला, त्याचा फार राग.

ओटीवर तीन कपाटं. दोन गोष्टी-कादंबऱ्यांची आणि एक 'अभ्यासाचं'. त्यात अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, शेतकी, असली उशीला घ्यावीत अशी पुस्तकं. सरांच्या एका प्रोफेसर मित्राने रिटायर होताना दिलेली.

वर्गणी नव्हती. नियम एकच होता. पुस्तक परत करताना उभं राहून, सगळ्यांदेखत मत सांगायचं. मत नाही, तर पुढचं पुस्तक नाही. कोणी नुसतं "छान आहे" म्हणालं की सर विचारायचे, "छान म्हणजे? श्रीखंड आहे का ते?"

त्यामुळे लोक तयारी करून यायचे. कोळीवाड्यातले एक काका होते, छाती केवढी, आवाज केवढा, आणि वाचायचे फक्त प्रेमकथा. "सर, हिरवीन पंचवीस पानं रडते. एवढा येळ कोनाला असतो? पन खोटं कशाला सांगू, मी बी रडलो. बायको म्हनाली, कांदा कापताव का?" कॉन्व्हेंटमधल्या एक सिस्टर होत्या. त्यांना खुनाच्या गोष्टी लागायच्या. अगदी हळू, डोळे मिटून मत द्यायच्या. "खुनी मला मध्येच कळला. मग मी त्याच्यासाठी प्रार्थना केली." एक रिटायर्ड बँक ऑफिसर होते. ते कादंबरीवरही ऑडिट रिपोर्ट द्यायचे. "प्रथमदर्शनी पुस्तक समाधानकारक आहे. तथापि, नायकाची पहिली बायको प्रकरण सहानंतर आढळून येत नाही."

आणि वहिनी. समोरच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. बाहेरून एम.ए. करत होत्या, अर्थशास्त्रात. अभ्यासाच्या कपाटाला हात लावणाऱ्या खरं म्हणजे त्या एकट्याच. बोलायला सुरुवात करताना "सर, म्हणजे बघा" म्हणायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, म्हणजे बघा, हा लेखक म्हणतो की माणूस प्रत्येक खर्च स्वतःचा फायदा बघून करतो. हा कधी घरचा किराणा आणायला गेलेला दिसत नाही." ओटी हसून हसून लोळली. सर म्हणाले, "ताई, हे असंच्या असं पेपरात लिहा."

हे वाक्य मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं. नंतर बँकवाल्या काकांना विचारून घेतलं. का, ते पुढे येईलच.

लोक पांगले की मावशी चहा आणायची आणि मला सांगायची, "हां, आता तू कर." मग मी सुरू. काका, सिस्टर, बँकवाले, एकेक काढायचो. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावर. शाळेत असल्यापासून नकला करायचो. हेडमास्तर, कंडक्टर, चर्चमधले फादर, कोणालाच सोडलं नव्हतं. एकदा वहिनी छत्री विसरल्या म्हणून परत आल्या आणि मी नेमका पदर बोटाला गुंडाळून "सर, म्हणजे बघा" करत होतो. पदर म्हणजे सरांचा टॉवेल. मला वाटलं, मेलो. पण त्या हसल्या. "अय्या, मी अशी बोलते?" म्हणाल्या. "अगदी अश्शी," मावशी म्हणाली. वहिनी छत्री घेऊन हसत हसत गेल्या. तेव्हापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायला लागलं.

त्यांच्या घरचं सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच एकदा अर्धवट हसत सांगितलं होतं. सासूबाईंना आणि नवऱ्याला ते एम.ए. म्हणजे नसती उठाठेव वाटायची. त्या आधी एकदा नापास झाल्या होत्या. या वर्षी परीक्षा निघाली तर निघाली, नाहीतर पुस्तकं बंद, असं घरात ठरलं होतं. "ठरलं" असंच म्हणाल्या त्या. कोणी ठरवलं ते नाही म्हणाल्या.

मग सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बरेच महिने वाचायचं नाही म्हणून सांगितलं. मावशीने ओटीवरची गर्दी बंद केली. सर काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसायचे आणि कंटाळून मावशीशी भांडायचे. शेवटी त्यांनी घरातला कॅसेट रेकॉर्डर माझ्या हातात दिला. "घरोघर जा. पुस्तकं पोचव, जुनी घेऊन ये आणि प्रत्येकाचं मत टेप करून आण. मला वाचता येत नाही, निदान ऐकू तरी दे."

सुरुवातीला मी इमानदारीत फिरलो. काकांच्या पडावावर, म्हणजे होडीवर गेलो, कॉन्व्हेंटच्या गेटवर उभा राहिलो. लोकांना रेकॉर्डर बघून घाम फुटायचा. सिस्टरनी तर आधी क्रूसाची खूण केली. सर संध्याकाळी कॅसेट ऐकायचे आणि खुश व्हायचे.

पण रविवारी सकाळी आमची क्रिकेटची टुर्नामेंट असायची. एका रविवारी काका समुद्रात गेलेले, दोन दिवस येणार नव्हते. परत कोण जाणार? घरात आई ऐकेल म्हणून मी मागच्या पडवीत गेलो, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून बसलो, बटण दाबलं आणि काकांचं मत काकांच्या आवाजात देऊन टाकलं. पुस्तकाची मागची बाजू वाचली होती, तेवढ्यावर. सरांना काही कळलं नाही. उलट पोट धरून हसले.

इथे गोची झाली. खऱ्या मतांना सर हसायचे, पण माझ्या मतांना जास्त हसायचे. पुढच्या वेळी मी बँकवाल्यांकडून लेखकाला कारणे दाखवा नोटीस पाठवली. सरांना ठसका लागला. मावशी म्हणाली, "या कॅसेटने ह्यांचं अर्धं दुखणं गेलं बघ." मग काय, लोकांकडून पुस्तकं नेऊन-आणून करायचो तेवढी आणि मतं पडवीत बसून एकटाच द्यायचो. कोणाला दाराशी उभं करायचं नाही, "उद्या ये" ऐकायचं नाही. टुर्नामेंटमध्ये आम्ही सेमीफायनलला गेलो.

अशात कामणच्या पुढे, आत, एक वसतिगृह होतं, तिथल्या रेक्टरांचा सरांना निरोप आला. आदिवासी मुलं ज्युनियर कॉलेजला यायला लागलीत, अभ्यासाची जुनी पुस्तकं असली तर द्या. सर दोन दिवस विचार करत होते. मग मला म्हणाले, "हे कपाट वाचतं कोण, एकट्या ताई. अर्थशास्त्राचा पहिला भाग त्यांच्याकडे आहे, दुसरा इथे. त्यांना स्पष्ट विचार, लागणार आहे का. त्या हो म्हणाल्या तर कपाट हलणार नाही. नीट विचार हां."

नीट विचार, असं म्हणाले होते सर. हे माझ्या कानात अजून आहे, सरांच्याच आवाजात.

मी गेलो. खोटं नाही सांगत, तिसरा मजला चढून गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. "ती कपडे धुतेय. नंतर ये." मी नंतर गेलो नाही. नंतर फायनल होती.

संध्याकाळी खुराड्याला टेकून मी वहिनी झालो. "सर, म्हणजे बघा, हे अर्थशास्त्र काही माझ्या डोक्यात शिरत नाही हो. घरचं सगळं आवरून बसलं की झोपच येते. दुसरा भाग नको. द्या कोणाला द्यायचा तर. त्यापेक्षा एखादी छानशी कादंबरी पाठवा. रेसिपीचं असलं तरी चालेल."

रेसिपीचं मी हशा मिळेल म्हणून टाकलं होतं. सर हसले नाहीत. त्यांनी कॅसेट थांबवली. "दमली बिचारी," एवढंच म्हणाले. मग मला कपाट रिकामं करायला सांगितलं. टेम्पोत गठ्ठे मीच चढवले. दुसरा भाग चांगलाच जड होता.

पंधराएक दिवसांनी मी ओटीवर बसून सरांना पेपर वाचून दाखवत होतो आणि वहिनी फाटकातून आत आल्या. हातात पहिला भाग, त्यातून चिठ्ठ्याच चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. परीक्षा महिन्यावर आली होती. "सर, कसे आहात? दुसरा भाग न्यायला आलेय. आता त्याच्यावरच सगळं आहे. बाजारात मिळतच नाही तो, छापणंच बंद झालंय."

सरांनी मान वळवली. "ताई, अहो, तो तर मी देऊन टाकला. तुम्हीच म्हणालात ना?"

"मी?"

"टेपवर."

"मी कधी सर?"

सर चाचपडत उठले, कॅसेटच्या डब्यातून कॅसेट काढली, रेकॉर्डरमध्ये घातली. मी पेपर धरून बसलो होतो. मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं. पेपर खाली ठेवायचा आणि बोलायचं, एवढंच तर काम. पण मी एक बातमी परत परत वाचत राहिलो.

"सर, म्हणजे बघा," वहिनींचा आवाज म्हणाला, "हे अर्थशास्त्र काही माझ्या डोक्यात शिरत नाही हो..."

मी पेपरच्या वरून बघितलं. वहिनी रेकॉर्डरकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी समजू शकलो असतो. त्या आठवत होत्या. खरंच आठवत होत्या, की हे आपण कधी बोललो. "मी असं बोलले?" त्या हळूच म्हणाल्या. "मध्ये ताप होता मला. तेव्हा... पण मी असं कशाला बोलेन, सर?"

माझी नक्कल इतकी हुबेहूब होती की ज्या बाईची होती तिलाही खरी वाटली. एरवी मी गावभर सांगत फिरलो असतो.

"...रेसिपीचं असलं तरी चालेल," टेप म्हणाली, आणि लगेच मागून कोंबडा आरवला. जोरात, सुरात, शेवटी खोकल्यासारखा घोगरा.

पहिल्यांदा ऐकताना सरांना तो खटकला नव्हता. आमच्या गावात कोंबडा म्हणजे घरोघरचं पार्श्वसंगीत. पण वहिनी एकदम ताठ झाल्या.

"सर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे कोंबडा कुठला?"

स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाली, "तो यांचा कोंबडा आहे." बोट माझ्याकडे. "अख्ख्या गावात असा घोगरा एकच."

मी पेपर खाली ठेवला.

सर ओरडले नाहीत. चष्म्याआडून माझ्याकडे तोंड करून त्यांनी एकेक विचारायला घेतलं. "कोळी काकांचं ते कांद्याचं?"

"ते ओटीवरचं, सर. ते खरं."

"सिस्टरचं, ते खुन्याला पत्र लिहायचं?"

"ते... मी."

"बँकवाल्यांची कारणे दाखवा नोटीस?"

"मी."

"मी ती फोनवर माझ्या भावाला ऐकवली," सर म्हणाले. "म्हणजे एवढ्या दिवसांत कोणी काय वाचलं, कोणाला काय वाटलं, यातलं मला काहीच माहीत नाही. मी तुलाच ऐकत बसलो होतो. जा. आधी ते पुस्तक घेऊन ये."

मित्राची एम-एटी गाडी मागून घेतली आणि तसाच निघालो. कामणच्या रस्त्याला गोडाऊनचे ट्रक, धुळीने तोंड पांढरं. रस्ताभर मी रेक्टरांशी काय बोलायचं याची तयारी करत होतो. एकदा सरांच्या आवाजात करून बघितलं, एकदा फादरच्या. म्हणजे मी किती सुधारलो होतो ते बघा.

रेक्टर भला माणूस. पण पुस्तक परत हवंय म्हटल्यावर चक्रावला. "अहो, दिलेलं परत?" तरी त्याने कपाट उघडलं. सगळ्या पुस्तकांना मुलांनी पेपरची कव्हरं घातली होती. इतिहास होता, कायदा होता, दुसरा भाग नव्हता.

"ते एक पोरगं घेऊन गेलं. सुट्टी लागली ना. आईबाप वीटभट्टीवर असतात, तिकडे गेलंय. मी म्हटलं, एवढं जाडजूड कशाला नेतोस? तर म्हणालं, सुट्टीभर पुरेल."

"कुठली भट्टी?"

"भिवंडीच्या बाजूला कुठेतरी. त्यालाही जायच्या आधी माहीत नव्हतं. कॉलेज उघडलं की येईल."

कॉलेज उघडणार वहिनींची परीक्षा झाल्यावर. त्या पोरावर मला रागावताही येईना. त्याने काय केलं होतं? पुस्तक वाचायला नेलं होतं. वाचनालयात लोक तेच करतात.

तिसरा मजला चढताना मला वाटत होतं, परत सासूबाईंनीच दार उघडावं आणि म्हणावं, नंतर ये. पण वहिनींनीच उघडलं. कणकेचे हात. माझे हात रिकामे बघितले, बाहेर आल्या, कोपराने दार मागे ओढून घेतलं आणि जिन्यावर उभ्या राहिल्या.

"मिळालं नाही," मी म्हणालो आणि वीटभट्टीचं सांगितलं. "वहिनी, सॉरी. मी..."

"हळू बोल. आई आत आहेत. आणि हे सॉरी कोणाच्या आवाजात म्हणतोयस?"

मी एक पायरी खाली उतरलो.

"नाही, मला कळू दे. फादरच्या? तुझं काय सांगावं." त्या कुजबुजत होत्या. मला आयुष्यात खूप ओरडा बसला, पण कुजबुजून कोणी ओरडलं नव्हतं. "पुस्तक गेलं. गेलं तर गेलं. कोणाकडे नोट्स मागेन, नाही मिळाल्या तर अर्धा पेपर सोडून येईन, काय व्हायचं ते होईल. पण तिकडे ओटीवर मला क्षणभर वाटलं की मीच बोलले असेन. माहितीये का वाटलं? कारण ते वाक्य मला नवीन नव्हतं. या घरात मी ते रोज ऐकते. डोक्यात शिरत नाही तर कशाला वाचतेस. झोप येते तर झोप. काहीतरी रेसिपीचं वाच. आई म्हणतात, हे म्हणतात. म्हणू देत, घरची माणसं आहेत, मी ऐकून घेते. आठवड्यातून एकदा त्या ओटीवर कोणीतरी मला विचारायचं, ताई, तुमचं मत काय. तेवढी एक जागा होती मला. तिथे जाऊन तू माझ्याच तोंडून यांचंच बोलणं ऐकवलंस."

"वहिनी, मी नुसती गंमत..."

"गंमतच केलीस. मी पण हसले होते ना, छत्री न्यायला आले तेव्हा? मला वाटलं, हा पोरगा किती लक्ष देऊन ऐकतो आपलं. दर रविवारी समोर बसलेला असायचास. काय ऐकत होतास? सांग. त्या किराण्याचं मी काय म्हणाले होते?"

मला सुटका दिसली. हे मला येत होतं. मी तोंड उघडलं. "सर, म्हणजे बघा, हा लेखक..." आणि माझा हात आपोआप शर्टाचं टोक बोटाला गुंडाळायला लागला. आवाज त्यांचा, अगदी अश्शी. पण लेखकाच्या पुढे काही नव्हतंच. पुढे मला फक्त लोक हसलेले आठवत होते.

वहिनींचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला, खालच्या पट्टीत.

"माझ्या आवाजात नको. तुझ्या आवाजात सांग."

आतून सासूबाईंची हाक आली, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, आई," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "जा आता. काय म्हणाले होते ते कोणाला तरी विचार, नीट पाठ कर, मग परत जिना चढ," आणि कणकेच्या हातांनीच दार लावून घेतलं.